पेवाचं तोंड आधी बघ

अरे, तुझा मेसेज परवाच बघितला पण ऊसतोडीच्या गडबडीत उत्तर द्यायचं राहिलं. इलेक्ट्रोलायझरचा, म्हणजे विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायच्या यंत्राचा कोर्स करू काय म्हणून विचारलायस. कर की, पण जानेवारी 2023 ला केंद्रानं 19,744 कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केल्यापासून जो तो तेच बोलालाय. मला विचारशील तर तयार झालेला गॅस ठेवायचा कुठं, ह्यातच खरी मेख.

आपल्या चिकोडी-निपाणीकडं जुन्या वाड्यात पेव असायचं, बघितलायस काय? वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत पोट मोठं, घागरीसारखं. जोंधळा भरायचा, कडेनं काड, तोंडावर दगड ठेवून शेणमातीनं लिंपायचं. कडेचा थोडा दाणा काळा पडायचा, तो आज्जा हिशोबातच धरत नव्हता. इंग्लंडात टीसाइडला 1972 पासून हायड्रोजन असाच ठेवतात, जमिनीखालच्या मिठाच्या थरात पाणी सोडून मीठ विरघळवलं की पोकळी होते, आणि मीठ असं गच्च की बारीक भेग पडली तरी आपणच मिटते. बहुतेक साठ्यांत दाब टिकवायला काही गॅस कायमचा आतच सोडावा लागतो, तो तुझा काळा दाणा.

आपल्याकडं मीठ कुठलं, काळा दगड. लोकांना वाटतं दगड म्हणजे पक्का. अरे, बोअरला पाणी लागतं ते दगडाच्या भेगांतनंच की, मग जिथनं पाणी येतं तिथं हा सगळ्यात हलका गॅस गप बसेल काय? तू म्हणशील मंगळूरला, पादूरला दगडात गुहा कोरून कच्चं तेल ठेवलंय ते कसं राहतं. तिथं भोवतीच्या भेगांतलं पाणीच तेलाला आत दाबून धरतं. पण गॅस शंभर बारनं, म्हणजे हवेच्या साधारण शंभरपट दाबानं भरायचा तर तेवढा पाण्याचा दाब मिळायला किलोमीटरभर खाली जायला पाहिजे! म्हणून स्वीडनमध्ये लुलेओला 2022 मध्ये चाचणीसाठी जी 100 घनमीटरची गुहा सुरू झाली, 30 मीटर खाली, तिला आतनं पोलादी अस्तर आहे. पोलादही कुठलंबी चालत नाही, हायड्रोजन त्यात शिरून ठिसूळ करतो.

एवढा खटाटोप कशाला, तर सौंदत्तीच्या पवनचक्क्या आषाढात गरागरा फिरतात आणि पुढं मंदावतात. रात्रीपुरतं असेल तर बॅटरी बरी, कारण किलोभर हायड्रोजनला 50 युनिटच्या वर वीज जाते आणि परत वीज करायला गेलास तर निम्मीसुद्धा हातात येत नाही. महिनोन्‌महिन्यांची साठवण, नाहीतर खत-पोलादाचे कारखाने, तिथं ह्याचा उपयोग.

आणि तोंड, म्हणजे गॅस आत-बाहेर करायची बोअर. धोका पोटापेक्षा तिथं जास्त, केसिंग म्हणजे बोअरमधला पोलादी पाइप आणि त्याच्या बाहेरचं सिमेंट. एका साइटवर, नाव नको, सिमेंट नीट सेट व्हायच्या आधीच पुढं ड्रिलिंग लावलं, का तर सोमवारी मोठे साहेब येणार होते. कागदावर सही माझी. पाइपच्या बाहेरनं बुडबुडे यायला लागले तेव्हा साहेब चहा पीत होते. कोर्सची यादी बघशील तेव्हा सिमेंटिंग आणि खडकाचं यंत्रशास्त्र आहे काय बघ, नसेल तर ते वेगळं शीक.

रविवारी घरी ये. परड्यातल्या पेवाचा दगड काढून ठेवतोय, मोठी टॉर्च आण. पण मी येईपर्यंत आत डोकं घालायचं नाही, कोंडलेल्या हवेनं धडधाकट माणसं गेल्यात त्यात.