तिबेटच्या पठारावर बिळात राहणारे प्राणी गुदमरत कसे नाहीत?

प्रश्न: १४ हजार फुटांवर बिळात राहणाऱ्या प्राण्यांना ऑक्सिजन पुरतो कसा? त्यांचं रक्त दाट असतं का? महाबळेश्वरची घूस तिथं सोडली तर जगेल का?

उत्तर:

रक्त दाट होणं हा उपाय कमी आणि दुखणं जास्त. शरीराचा उपायच दुखणं कसा होतो, हे मला पुस्तकाआधी घरात कळलं. मी साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकवतो, माझा थोरला भाऊ फौजेत होता. लडाखला जाताना जवानांना ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस आणि त्यावरच्या टप्प्यांना ४-४ दिवस थांबवतात. दादानं ते सगळं पाळलं, तरी वर गेल्यावर त्याच्या फुप्फुसांत पाणी झालं. तातडीनं खाली आणला म्हणून वाचला. घरी आल्यावर तो सांगायचा, "आम्ही दहा पावलांत धापा टाकायचो आणि ते मार्मोट उड्या मारत बिळात शिरायचे." (मार्मोट म्हणजे बिळात राहणारी मोठी खार.) तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी बिळाचं बघा. १४ हजार फुटांवरही हवेत ऑक्सिजनचा वाटा २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरतो. त्यात बीळ. उसाच्या फडातली घूस बिळाचं तोंड मातीनं बुजवून घेते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. आत तिचाच श्वास कोंडतो. पावसानं माती गच्च झाली की हवा खेळायची थांबते. इस्रायलमधल्या आंधळ्या मोल-रॅटच्या (जमिनीखाली राहणारा उंदरासारखा प्राणी) बिळात अशा वेळी ऑक्सिजन ७.२ टक्क्यांपर्यंत उतरलेला आणि कार्बन डायऑक्साइड ६.१ टक्क्यांपर्यंत चढलेला मोजला गेलाय. आणि तो काही पर्वतावरचा प्राणी नव्हे! तिबेटच्या पठारावरचा झोकोर हा उंदरासारखा प्राणी साधारण २,८०० ते ४,२०० मीटरवर राहतो आणि बहुतेक आयुष्य जमिनीखालीच काढतो. त्याला वरची विरळ हवा आणि बिळातली कोंदट हवा, दोन्ही सोसावं लागतं.

आता रक्ताकडे येऊ. ऑक्सिजन कमी पडला की शरीरात एचआयएफ नावाची प्रथिनं धोक्याची घंटा वाजवतात (२०१९ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला मिळालं). मग तांबड्या पेशी भराभर बनतात. थोड्या दिवसांपुरतं हे ठीक, पण वर्षानुवर्षं चाललं की रक्त घट्ट होतं आणि हृदयाला ते ढकलणं जड जातं. तिबेटी माणसांत ईपीएएस१ या जनुकाचं वेगळं रूप आढळतं, हे २०१० मध्ये समोर आलं. त्यामुळे ही घंटा हळू वाजते आणि त्यांचं हिमोग्लोबिन बेताचंच राहतं.

दुसरी सोय हिमोग्लोबिनच्या पकडीत आहे. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतावरचे डिअर माऊस उंदीर बघा. त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये मोजकी अमिनो आम्लं बदललेली असतात आणि ते सखल भागातल्या भाईबंदांपेक्षा ऑक्सिजन घट्ट धरतं. म्हणजे माल वाढवलेला नाही, हात बदललाय.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 'पिका' या सशाच्या जातकुळीतल्या छोट्या प्राण्याची गोष्ट. ऑक्सिजन घटला की आपल्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, आतला दाब चढतो आणि त्यातूनच दादासारखं पाणी होतं. तिबेटच्या पठारावरच्या पिकात या वाहिन्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्या फारशा आवळतच नाहीत. दादाच्या शरीरानं जे सवयीप्रमाणे केलं, ते पिकाचं शरीर करतच नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांत 'अनुकूलन' हा एकच शब्द दोन्हीला वापरतात, ते मला खटकतं. दादानं वाटेत थांबून केलं ते सवय लावून घेणं. पिकाचं जन्मजात आहे.

राहिली घूस. महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर असलं तरी तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे तिला तिथं वेगळ्या जनुकांची गरज पडत नाही. तिबेटात नेली तर ती कदाचित तगेल, पण प्रयोगशाळेतल्या उंदरांचं होतं तेच बहुधा तिचं होईल: वाहिन्या आवळून जाड होतील, रक्त दाटेल, हृदयाची उजवी बाजू फुगेल. ते दाटलेलं रक्त पिल्लांना वारशानं मिळत नाही. तिथं घुशींचा वंश रुळायचा तर त्यांतल्या एखादीत वाहिन्या कमी आवळणारं जनुक मुळातच असायला हवं, आणि इतरांपेक्षा तिची पिल्लं जास्त जगायला हवीत, तीही पिढ्यान्‌पिढ्या.