परदेशात सायकलवर लांबच्या प्रवासाला गेल्यावर एक दिवस नेमका कसा जातो? रोज १०० किमी होतात का?

माझ्यापुरतं उत्तर: होतात, पण रोज १०० धरून परतीचं तिकीट काढू नका. जपानमध्ये मी तीन आठवडे एकटी सायकलवर होते. त्यातला ऑक्टोबरमधला एकच दिवस सांगते.

त्या दिवशी ओनोमिचीहून इमाबारीला जायचं होतं. ही वाट ‘शिमानामी काइदो’ म्हणून ओळखली जाते. होन्शू आणि शिकोकू या मोठ्या बेटांच्या मधली सहा छोटी बेटं पुलांनी जोडलेली आहेत, आणि पहिला सोडून बाकीच्या पुलांवर सायकलींना वेगळी वाट आहे. अंतर जेमतेम ७० किमी. नाशिकहून त्र्यंबकला जाऊन-येऊन साठेक किमी होतात, ते मी रविवारी नाश्त्याच्या आत करते. इथे मला नऊ तास लागले.

सकाळचा पहिला तास सायकल चालवण्यात जातच नाही. रात्री वाळत घातलेले कपडे दमट असतात, ते बॅगेवर बांधायचे. दोन्ही बाजूंच्या बॅगांचं वजन सारखं करायचं, चाकांतली हवा बघायची, बाटल्या भरायच्या. (नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं, हे फार मोठं सुख.) मग दुकानातून दिवसभराचं खाणं. मी शाकाहारी, त्यामुळे उमेबोशी (मिठात मुरवलेलं आंबट फळ) घातलेले भाताचे त्रिकोणी गोळे, म्हणजे ओनिगिरी, केळी आणि घरून नेलेली चिक्की. पहिलं बेट फेरीबोटीने अवघ्या पाच मिनिटांवर. पलीकडे रस्त्यावर निळी रेघ आखलेली असते, ती धरून निघायचं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे वळणावर गोंधळ होत नाही.

वेळ खातात ते पूल. खालून मोठाली जहाजं जातात, म्हणून पूल खूप उंचावर. रस्ता समुद्राच्या कडेने सपाट येतो आणि प्रत्येक पुलाआधी वळणं घेत वर चढतो. चढ तीनेक टक्क्यांचाच, पण सायकलवर १८ किलो सामान असलं की तोही मांड्यांना कळतो. आणि असे पूल सहा. इन्नोशिमाच्या पुलावर सायकलींची वाट गाड्यांच्या रस्त्याच्या खालून जाते. डोक्यावर ट्रक धडधडतात आणि बाजूच्या जाळीतून समुद्र दिसतो. १९९९ मध्ये खुला झालेला तातारा पूल मला सगळ्यांत आवडला. त्याच्या दोन मनोऱ्यांमधल्या गाळ्याची लांबी ८९० मीटर. मनोऱ्यापाशी उभं राहून टाळी वाजवली की आवाज वर चढत गेल्यासारखा घुमतो. मी पाच-सहा वेळा वाजवली.

त्याआधी इकुचिजिमावर लिंबांच्या बागा लागल्या. कडेला फळांच्या पिशव्या आणि पैशांची पेटी ठेवलेली, राखायला माणूस नाही. तिथे रेंगाळले आणि जेवण पुढे ढकललं. ती चूक मला महागात पडली. शेवटच्या ओशिमा बेटावर वाट समुद्र सोडून आत डोंगरात शिरते. दुपारी तीनच्या सुमाराला तिथल्या चढावर हातांना कंप सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सायकल भिंतीला टेकवून खाली बसले, चिक्की आणि उरलेला भाताचा गोळा खाल्ला. पाऊण तास उठलेच नाही. भूक लागायची वाट बघायची नाही, दर तासाला थोडं खायचं, हे मी घाटात सराव करताना शिकले होते. परक्या मुलखात बघण्याच्या नादात विसरले. एकटं असताना ‘खाल्लंस का?’ विचारणारं कुणी नसतं. त्या दिवसापासून मी घड्याळात दर तासाचा गजर लावू लागले.

शेवटचा कुरुशिमा पूल म्हणजे एकापुढे एक तीन झुलते पूल, मिळून चार किमी. खाली भरती-ओहोटीचं पाणी भोवरे घेत वाहत होतं. ऑक्टोबरात तिथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. मी दिवा लावूनच पूल उतरले. थांबून बघावंसं फार वाटलं, पण अंधाराची भीतीही वाटत होती.

मुक्कामी गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसले, कपडे धुतले, साखळी पुसून तेल दिलं आणि नऊला झोपले. दुसऱ्या दिवशी मात्सुयामापर्यंत पन्नासेक किमीच केले.