किंग्ज गॅम्बिट खेळायचाय? आधी एवढं बघा

जरूर खेळा. हल्ला उभा करायला शिकण्यासाठी बुद्धिबळातली ही ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) फार छान आहे; यात पांढरा हल्ल्यासाठी एक प्यादं देऊ करतो, त्यालाच गॅम्बिट म्हणतात. फक्त पांढरा ई४, काळा ई५, पांढरा एफ४ अशी प्यादी पुढे गेली की तुमच्याच राजासमोरचं दार उघडं पडतं, याचं भान ठेवा.

नवशिके बहुतेक इथे फसतात: काळ्याने एफ४ चं प्यादं न मारता उंट सी५ वर आणला, की फुकटचं म्हणून ते ई५ चं प्यादं मारतात. मग काळ्याचा वजीर एच४, शह! जी३ ने अडवलंत तर वजीर ई४ चं प्यादं मारून पुन्हा शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती जातो. राजा ई२ वर नेलात तर ई४ वर थेट मात.

सध्या एवढं पाळा:

- काळ्याने एफ४ मारलं किंवा उंट सी५ आणला, दोन्हींना उत्तर घोडा एफ३. काळ्या वजिराला एच४ बंद.
- काळ्याने प्यादं मारलं असेल तर पुढे उंट सी४ आणि शक्य तितक्या लवकर किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल). निशाणा काळ्या राजाशेजारचं एफ७.
- दिलेलं प्यादं परत मिळवायला वजीर घेऊन धावू नका.

१८५१ मध्ये लंडनला जर्मन खेळाडू अँडरसनने याच गॅम्बिटमध्ये दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली. डाव बघाच, नक्कल मात्र इतक्यात नको!

काळ्याने जी५ खेळून प्यादं धरून ठेवलं तर काय, हे प्रकरण मोठं आहे. थोडे डाव खेळून झाले की विचारा.