अभ्यासक्रमाचे आंतरराष्ट्रीयीकरण : नव्या सहकाऱ्यास सल्ला

अभ्यास मंडळावर तुम्ही नव्याने आला आहात, म्हणून आधीच सुचवतो की शेवटच्या घटकाला ‘जागतिक परिप्रेक्ष्य’ असे शीर्षक जोडून अभ्यासक्रमाचे आंतरराष्ट्रीयीकरण होत नाही. स्वीडनमधील माल्मो विद्यापीठातून बेंग्ट निल्सन यांनी १९९९ च्या सुमारास ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ (म्हणजे इथल्याच अभ्यासक्रमातून इतर देश-संस्कृतींची समज देणे) ही कल्पना पुढे आणली, ती परदेशी न जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार करून. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आपल्या वर्गांत बहुसंख्य तेच असतात.

सुरुवात केळीपासून करावी. रावेर-यावलच्या विद्यार्थ्याला ग्रँड नैन ही केळीची जात ठाऊक असते. परंतु ती कॅव्हेंडिश गटातील आहे, आणि पनामा या बुरशीजन्य रोगाने ग्रॉस मिशेल ही जात निर्यातीतून हद्दपार केल्यावरच कॅव्हेंडिशने जगाची बाजारपेठ व्यापली, हे समजले की इक्वाडोरमधील बागमजुरांचे प्रश्न त्याला तितकेसे परके वाटत नाहीत. मात्र एवढ्या माहितीने आंतरसांस्कृतिक समज येत नाही. त्यासाठी परदेशी वर्गाबरोबर ऑनलाइन संयुक्त प्रकल्प ठेवा, त्यात झालेल्या मतभेदांची नोंद प्रत्येकाला लिहायला लावा आणि त्या नोंदीला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्या. बिनगुणांचे काम परीक्षा जवळ आल्यावर कोणी करत नाही.

सातपुड्यातून आलेले पावरा विद्यार्थी आणि अहिराणी बोलणारे विद्यार्थी एकाच बाकावर बसूनही एकमेकांच्या चालीरीती जाणत नसतील, तर अशा संयुक्त प्रकल्पाचा पहिला टप्पा त्यांच्यातच घ्यावा. परदेशी वर्गासाठी विद्यापीठांमधील सामंजस्य कराराची वाट पाहू नका. दोन शिक्षकांच्या परिचयावरही एक सत्र व्यवस्थित चालते.