‘टॅक्स ऑफिसातून बोलतोय’: कॅनडाला निघालेल्या दिग्रसच्या भावाला उत्तर

भाऊ, तू दोन गोष्टी विचारल्यास. सप्टेंबरला तू ओंटारियोत कॉलेजसाठी येतो आहेस. इकडे टॅक्स ऑफिसच्या नावाने खोटे फोन येतात आणि आपली पोरं घाबरून पैसे देतात, हे खरं का? आणि घरी आई-बाबांना काय सांगून निघू? मी दारव्ह्याकडचा, बरीच वर्षं ओंटारियोतल्याच किचनर शहरात राहतो. पहिल्याचं उत्तर हो. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, त्यावर खाली सविस्तर लिहितो.

आधी फोन कसा असतो ते ऐक. बहुतेकदा सुरुवातीला माणूस नसतोच, रेकॉर्ड केलेला आवाज असतो: तुमच्यावर कर बुडवल्याची केस आहे, वॉरंट निघालं आहे, अधिकाऱ्याशी बोलायला एक दाबा. एक दाबलं की ‘अधिकारी’ येतो. नाव सांगतो, बॅज नंबर सांगतो. तुझं कॉलेज, तुझा पत्ता त्याला आधीच ठाऊक असू शकतो. स्टडी परमिट, म्हणजे इकडे शिकायचा परवाना, रद्द होईल, तासाभरात पोलीस दारात येतील, असं म्हणतो. फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही, ही त्याची सगळ्यात मोठी अट. मध्येच दुसरा फोन येतो आणि स्क्रीनवर खऱ्या पोलीस ठाण्याचा नंबर दिसतो. नंबर खोटा दाखवता येतो. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीपासून कॅनडात टेलिफोन कंपन्यांना नंबर पडताळणारी यंत्रणा लावणं सक्तीचं झालं, तरी हे पूर्ण थांबलेलं नाही. शेवटी तो दुकानात पाठवतो: गिफ्ट कार्ड घे, मागचा पट्टा खरवड, आकडे वाचून दाखव. आकडे गेले की कार्डातले पैसे गेले. नाहीतर बिटकॉइनच्या मशीनमध्ये नोटा टाकायला लावतो.

गावात बसून ऐकताना वाटतं, एवढं कोण फसेल? पण आपल्या घरांचा विचार कर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आयकराचा कागद कधी आलेलाच नसतो. सरकार म्हणजे आपल्याला तलाठी, तहसील, आणि कर्जाच्या वसुलीला येणारा बँकेचा माणूस. कोतवाल निरोप घेऊन आला की बाप हातातलं काम टाकून जातो, आणि साहेब बोलत असताना मधे बोलायचं नाही हे आपण लहानपणीच शिकतो. ही आपली चूक नाही, तो आपला शहाणपणा होता. पण फोनवरचा चोर त्याच शहाणपणावर हात टाकतो. त्यात नव्या पोराच्या खात्यात पैसेही असतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परमिटसाठी अर्ज करणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात (क्यूबेक प्रांताचा नियम वेगळा), आणि त्यासाठी आपल्याकडे वावर गहाण पडतं.

म्हणून माझा सल्ला असा, की चोराची लक्षणं पाठ करण्याआधी खरं ऑफिस कसं वागतं ते शिकून ये. इकडे करखात्याला सगळे सीआरए म्हणतात. तू काम केलंस तर मालक फेब्रुवारीअखेर तुला टी-४ नावाचा कागद देतो: वर्षभराचा पगार आणि कापलेला कर. त्यावरून ३० एप्रिलपर्यंत रिटर्न भरायचं. मग सीआरएकडून हिशोबाची नोटीस येते, पोस्टाने किंवा तुझ्या ऑनलाइन खात्यात. काही देणं निघालं तर आधी कागद येतो, मुदत मिळते, हप्ते मागता येतात, निर्णय पटला नाही तर हरकत घेता येते. सप्टेंबरला उतरलेल्या आणि अजून एक डॉलर न कमावलेल्या पोरावर ऑक्टोबरमध्ये कर बुडवल्याची केस होऊच शकत नाही. एवढं डोक्यात पक्कं असलं की तो फोन तिथेच पडतो.

सीआरए कधीच फोन करत नाही, असं मात्र समजू नकोस. खरा अधिकारीही कधी फोन करतो. तेव्हा त्याचं नाव, ऑफिस आणि नंबर लिहून घे, ‘मी खात्री करून फोन करतो’ म्हण, ठेव, आणि १-८००-९५९-८२८१ या सीआरएच्या नंबरवर स्वतः लाव. खरा माणूस याला नाही म्हणणार नाही. गिफ्ट कार्डात, बिटकॉइनमध्ये किंवा ई-ट्रान्सफरने (बँक खात्यातून ईमेलवर पैसे पाठवायची इकडची पद्धत) सीआरए कर घेत नाही. परतावाही ई-ट्रान्सफरने देत नाही, त्यामुळे ‘तुमचा रिफंड आला, लिंक दाबा’ हा मेसेज खोटाच. आता सिन. सिन म्हणजे काम आणि करासाठी सरकार देतं तो नऊ आकडी नंबर, तात्पुरत्या परवान्यावरच्यांचा ९ ने सुरू होतो. तो फुकट मिळतो. कामावर लागल्यावर मालकाला द्यावा लागतो, आणि व्याज देणाऱ्या खात्यासाठी बँकेला. घरमालकाला द्यायची गरज नाही. पाकिटात घेऊन फिरू नकोस.

लोक कसे वागतात, हेही पाहिलं आहे. बरेच जण कट करतात आणि विसरतात, तेच उत्तम. काही जण शिव्या देतात. काही तास-तास बोलून चोराचा वेळ खातात आणि ते मित्रांना ऐकवतात. मला ते पटत नाही: नंबर चालू आहे आणि उचलणारा बोलतो, एवढं त्यांना कळतं, आणि बोलण्याच्या ओघात कॉलेज, शहर, नाव निसटतं. राग मलाही येतो, पण तो तक्रारीत घालावा. आणि काही जण पैसे देतात आणि गप्प बसतात. माझ्या ओळखीचा वाशीमकडचा एक पोरगा कार्डांचा गठ्ठा घेऊन काउंटरवर उभा होता, कानाला फोन तसाच. काउंटरवरच्या बाईने विचारलं, ‘कोणी सांगितलं घ्यायला?’ तो रडायला लागला. पैसे वाचले. पण पुढे कितीतरी दिवस त्याने घरी काही सांगितलं नाही, बाप म्हणेल कशाला पाठवलं याला. मला त्या चोरापेक्षा या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटते. फसलेल्या पोराला हसणारे आपलेच असतात, म्हणून पुढचा फसलेला बोलत नाही.

समोरचा हिंदीत गोड बोलला म्हणूनही विश्वास ठेवू नकोस. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली, तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावत होते. सातशेच्या वर लोक ताब्यात घेतले, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. आरसीएमपी म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांनीही २०१८ मध्ये अशा फोनांवर ‘ऑक्टेव्हिया’ नावाचा तपास सुरू केला, त्याचे धागे भारतात पोचले आणि टोरांटोच्या आसपासही अटका झाल्या. पैसे फिरवायला त्यांना इकडे खाती लागतात. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेव, बाकी पुढे पाठव’ असं कोणी म्हणालं, मग तो रूममेट असो की गाववाला, नाही म्हण. त्यात गुन्हा तुझ्या नावावर लागतो आणि परमिट खरोखर धोक्यात येतं.

आता घरचं. तू इकडे आलास की फोन तुझ्या आईलाही येऊ शकतो. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळी वेळेप्रमाणे इकडे रात्रीचे साडेबारा. तू झोपलेला, फोन सायलेंटवर. नेमकं तेव्हा कोणी म्हणतं, ‘तुमचा मुलगा पकडला गेला, सोडवायला पैसे टाका’, मागे कोणी रडतंसुद्धा, आणि आता तर आवाजाची नक्कलही करता येते. आमच्या गावाकडच्या शेजारच्या काकूंना असा फोन आला तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, ‘माह्या पोराले जेवाले देल्लं का नाही?’ कापूस विकून हातात पैसा आलेला असतो तेव्हा अशी माय काय वाट्टेल ते करेल.

त्यासाठी निघायच्या आधी एका संध्याकाळी सगळ्यांना बसव, बहिणीला आणि काकाजींनाही. घरच्यांनाच ठाऊक असलेला एक प्रश्न ठरवा, वावराच्या धुऱ्यावरचं झाड कोणतं, असला काही. रूममेटचा नंबर मिळाला की भिंतीवर लिहायला लाव. कॅनडाचे पोलीस फोन-पेवर पैसे घेत नाहीत, हे आईला तिच्या भाषेत सांग. भारतातल्या ‘डिजिटल अरेस्ट’बद्दलही बोल, २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्यावर सांगितलं होतं, बाबांनी रेडिओवर ऐकलंही असेल. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कायद्यात नाही. तिकडे पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधीच अडवता येतात.

इकडे कॅनडात पैसे गेले तर आधी बँक, मग स्थानिक पोलीस, आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटर, १-८८८-४९५-८५०१. गिफ्ट कार्डाचे आकडे दिले असतील तर कार्डाच्या कंपनीलाही लगेच कळव आणि पावती जपून ठेव. सिन सांगून बसलास तर इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या दोन्ही क्रेडिट कंपन्यांकडे इशारा नोंदवून ठेव, म्हणजे तुझ्या नावावर कोणी कर्ज काढायला गेलं तर आधी तुला विचारतील.

पहिलं रिटर्न एकट्याने भरू नकोस. कमी उत्पन्नवाल्यांसाठी फुकटची टॅक्स क्लिनिकं मार्च-एप्रिलमध्ये असतात, कॉलेजातही चौकशी कर. नाहीतर टी-४ घेऊन रविवारी किचनरला ये, सोबत बसून भरू.