आवाजात खडी, मध आणि बर्फ

भावा, इंग्रजी गोष्टी वाचताना पात्राचा आवाज कसा हाय ते सांगणारे शब्द अडत असतील, तर पहिलं डिक्शनरी बाजूला ठेव. इंग्रजीत आवाजाचा टोन सांगताना शब्द उचलत्यात ते हाताला नायतर जिभेला कळणाऱ्या गोष्टींचे, म्हणून ग्रॅव्हली वाचलं की रस्त्यावरची खडी डोळ्यासमोर आण, घोगरा खरखरीत आवाज लगेच कळतोय बघ. हस्की मधला हस्क म्हणजे धान्याचं फोलपट, सुका बसका आवाज, हस्की जातीच्या कुत्र्याचा काय संबंध नाय.

आता फसवणारे. ड्राय टोन वाचून मी लई दिवस घसा कोरडा पडलाय असंच समजत होतो, पण तो म्हणजे चेहरा न हलवता मारलेला टोमणा, रंकाळ्यावर कट्ट्याला बसून एखादा मख्ख तोंडानं बोलतोय आणि बाकीचे हसून लोळत्यात तसला. हनीड म्हणजे मधाळ हे खरं, पण बऱ्याचदा त्याला काम काढून घ्यायचा वास असतोय. आयसी म्हणजे बर्फासारखा थंड, पण शांत न्हवं, राग गोठवून बोलणं.

फ्लॅट आणि क्लिप्ड सोपे, एक चढउतार नसलेला, दुसरा तुटक. अडलास तर मागची दोन वाक्यं परत वाच, कोण कुणाला बोलतोय ते.