महिला धावपटूंच्या बातम्यांमध्ये शर्यत का सापडत नाही?

तुम्ही विचारलंय की मराठी वर्तमानपत्रं आणि चॅनेलं महिला धावपटूंना कमी जागा देतात का, आणि दिलीच तर निम्मी बातमी घरच्या गरिबीची का असते. मी सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे, शालेय स्पर्धांना टायमिंग घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागा कमी मिळते हे खरंच आहे. पण मला जास्त खुपतं ते हे, की मिळालेल्या जागेत वेळच छापलेली नसते. धावफलक न देता क्रिकेटची बातमी छापावी, तसं ते आहे.

ललिता बाबरचंच घ्या. मोही गाव, माण तालुक्यातला दुष्काळ, शेतकरी घर, 'माणदेशी एक्सप्रेस' हे सगळं आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या) अंतिम फेरीत गेली आणि पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत दिसली, हेही सगळीकडे आलं. पण ती तिथवर कशी पोचली? जून २०१५ मध्ये वुहानला आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा तिची वेळ होती ९:३४.१३, म्हणजे ९ मिनिटं ३४.१३ सेकंद. दोनच महिन्यांत बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९:२७.८६, आणि अंतिम फेरीत आठवी. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओत ९:१९.७६. म्हणजे १४ महिन्यांत १४ सेकंद कमी, तेही आधी मॅरेथॉन पळणाऱ्या मुलीने! बातमी ही होती. हे आकडे एका ओळीत मांडलेले मराठीत मला कुठे वाचायला मिळाले नाहीत, मी ते निकालपत्रकं बघून जुळवले.

स्टीपलचेस म्हणजे ३,००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. पाण्याचा खड्डा अडथळ्याच्या पायाशी सगळ्यात खोल असतो आणि पुढे चढत जाऊन ट्रॅकला मिळतो. उडी लांब गेली तर पाय जेमतेम भिजतो. दमलेल्या मुलीची उडी आखूड पडते, ती खोल पाण्यात उतरते आणि तिथून बाहेर पडून पुन्हा वेग धरण्यात पुढची निघून जाते. शेवटच्या दोन फेऱ्यांत कोण कुठे उतरतंय एवढं बघितलं तरी शर्यत कळते. हे दोन वाक्यांत सांगायला कितीशी जागा लागते?

ललिताचा विक्रम पारुल चौधरीने मोडला, बुडापेस्टला २७ ऑगस्ट २०२३ च्या रात्री, ९:१५.३१ मध्ये. त्याच रात्री भालाफेकीत नीरज चोप्राचं सुवर्ण आलं. पहिलं पान त्याचंच असायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी वाचलेल्या अंकात पारुल एका ओळीत आटोपली होती आणि आपल्या माणच्या मुलीचा विक्रम मोडला गेला याचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने ५,००० मीटरचं सुवर्ण शेवटच्या काही मीटरमध्ये जपानी मुलीला मागे टाकून घेतलं. मथळे गाजले ते शेवटच्या टप्प्यात सुवर्णाबद्दल मिळणारं डीएसपीचं (पोलीस उपअधीक्षकाचं) पद आठवलं या तिच्या बोलण्याचे. आदल्याच दिवशी ती स्टीपलचेसची अंतिम फेरी पळून रौप्य घेऊन आली होती, ते पाय किती जड असतील यावर कुणी लिहिलं नाही.

घड्याळ न बघण्याची दुसरी बाजूही आहे. जुलै २०१९ मध्ये हिमा दासच्या पाच सुवर्णपदकांनी देश डोक्यावर घेतला. पोलंड आणि चेकमधल्या त्या छोट्या स्पर्धा होत्या. त्यांतली तिची २०० मीटरची सर्वोत्तम वेळ २३.२५ सेकंद होती आणि त्या वर्षीच्या दोह्यातल्या जागतिक स्पर्धेची पात्रता वेळ २३.०२. हिमाने काहीच चुकीचं केलं नव्हतं, ती मोसमाची तयारी करत होती. पण वेळ छापली असती तर लोकांनी तिच्याकडून लगेच जागतिक पदकाची अपेक्षा धरली नसती, आणि पुढे पाठीच्या दुखण्याने ती दोह्याला गेली नाही तेव्हा ऐकवलं ते ऐकवलं नसतं. २०१८ मध्ये ४०० मीटरला ५०.७९ पळून तिने जो राष्ट्रीय विक्रम केला, तो त्या पाचही पदकांपेक्षा कितीतरी मोठा होता.

बातमीमुळे किती नुकसान होतं ते १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये दिसलं. महिलांच्या ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत नऊ जणी पळाल्या, नऊही जणींनी ती पूर्ण केली, पहिल्या आलेल्या लीना राडकेने विश्वविक्रम केला. वर्तमानपत्रांत आलं की बायका धडाधड कोसळल्या. ती शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती १९६० पर्यंत परत आली नाही.

गरिबी लिहूच नये असं मी म्हणत नाही. अनवाणी पळणाऱ्या मुली आजही माझ्या मैदानावर येतात, ते लिहायलाच हवं. पण आम्ही जिल्हा स्पर्धेचा निकाल पाठवतो तेव्हा त्यात प्रत्येकीची वेळ असते. छापून येतात दीपप्रज्वलनाला हजर असलेल्यांची नावं, मुलीच्या नावापुढे फक्त 'प्रथम'. ते कात्रण मुली वहीत जपून ठेवतात. वर्षभराने मागे वळून स्वतःशी तुलना करायची म्हटली तर त्यात काही सापडत नाही.

वाचक म्हणून काय करता येईल, हेही तुम्ही विचारलंय. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय धावपटूंची वर्षावार टायमिंग फुकट बघता येतात. पदकाची बातमी आली की तिची या शर्यतीतली वेळ, आधीची सर्वोत्तम वेळ आणि स्पर्धा कुठल्या दर्जाची होती, एवढं तिथे ताडून बघा. बातमीत ते नसेल तर संपादकांना दोन ओळींचं पत्र टाका. आमच्या इथल्या एका दैनिकाने पालकांच्या अशा पत्रांनंतर तालुका स्पर्धेच्या निकालात वेळ द्यायला सुरुवात केली आहे, निदान पहिल्या तिघींची तरी.